एका घरातल्या दोन नोकऱ्या

फिनलंड,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. भाऊकाकांस,
अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर सगळं सांगता येत नाही. सुगंधाकाकी फोन स्पीकरवर ठेवते आणि मी जरा खोकले तरी तिला दोन दिवस जेवण जात नाही. म्हणून हे पत्र. पोचायला तीन आठवडे लागतील, पण घाई नाही.

मी नर्स आहे तो वृद्धाश्रम मार्चअखेर बंद करायचं घाटतंय. चौदा म्हातारी माणसं आहेत, त्यांना नव्वद किलोमीटरवरच्या मोठ्या केंद्रात हलवतील. साहेबांनी कारणं वाचून दाखवली: पैसे कमी, माणसं कमी, इमारत जुनी. लष्कराचं नाव काढलं नाही. पण अडीच वर्षांपूर्वी हा देश नाटोच्या संरक्षण-करारात गेला आणि शस्त्रांवरचा खर्च वाढत चाललाय, आमच्यासारख्या ठिकाणी मात्र कात्री लागतेय, हे बातम्यांतून मलाही कळतं.

त्यात आम्हा नवरा-बायकोची गंमत ऐका. प्रीतमच्या कारखान्यात पूर्वी लाकूडतोडीच्या यंत्रांचे भाग व्हायचे, आता चिलखती गाड्यांचे होतात. त्याला पगारवाढ मिळाली, शनिवारचा ओव्हरटाइमही. त्याच संध्याकाळी तो हौसेने केक घेऊन आला आणि मी त्याला आश्रमाची बातमी दिली. वर म्हटलं, माझ्या म्हाताऱ्यांचे पैसे तुझ्या कारखान्यात आले. तो म्हणाला, मग उद्यापासून कामावर जाऊ नको काय? तेव्हापासून भाजी काय आणायची, एवढंच आम्ही बोलतो.

तुम्ही पंधरा वर्षं नौदलात होतात. माझं चुकतंय का, सांगा. रागावलात तरी लिहा.

तुमची,
अपेक्षा

*

आचरा, ता. मालवण,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अपेक्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काकी बाजारात गेली तेव्हा पत्र वाचलं. रागावलो नाही गो. 

आपल्याकडची रापण आठव. एवढं मोठं जाळं एकट्याला परवडत नाही, म्हणून वीस घरं मिळून ओढतात. त्यात प्रत्येकाचा खर्च वाचतो. पण एकदा रापणीत शिरलीस की दोर ओढायला तुझ्या घरचा माणूस आला की नाही, हे बाकीची एकोणीस घरं बघतात. देशांचंही तसंच असणार. एकट्याने सीमा राखण्यापेक्षा एकत्र राखणं स्वस्त, पण आपला वाटा चुकवायची सोय उरत नाही. मात्र तो वाटा कशातून काढायचा, हे बाहेरचा कोणी ठरवत नाही. कर वाढवायचा, कर्ज काढायचं, की म्हाताऱ्यांच्या खाटा उचलायच्या, हे घरातच ठरतं. आणि शस्त्रं घेतली नसती तर तो पैसा तुमच्याकडेच आला असता, हेही धरून चालू नकोस.

आता एक गोष्ट, जी मी कोणाला सांगितली नाही. ८१ साली आपला शिवा सहा वर्षांचा होता. मी बोटीवर. त्याला ताप चढला, दवाखान्यात डॉक्टर नव्हता, काकीने त्याला ट्रकमधून मालवणला नेलं. पोर वाचलं, उजवा कान गेला. मी रजेवर आलो तेव्हा तिने विचारलं, तुमच्या बोटीर डॉक्टर आसा, मगे गावात कित्याक नाय? मी तो वर्दीचा अपमान समजलो आणि आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. खरं तर तिचा प्रश्न बरोबर होता.

प्रीतमच्या जागी मीच होतो. तेव्हा त्याच्याशी बोल. आणि प्रश्न विचारायचा तो खाटा उचलायचं ठरवणाऱ्यांना विचार.

तुझा,
भाऊकाका

*

फिनलंड,
१८ जानेवारी २०२६

ती. स्व. भाऊकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा आश्रमाबद्दल जाहीर सभा झाली. आमच्या आश्रमातल्या आइनो आजी सत्त्याऐंशीच्या आहेत. हट्टाने म्हणाल्या, मला ने. मी त्यांची चाकाची खुर्ची ढकलत नेली. मनात होतं, ही बाई लष्करी खर्चाविरुद्ध बोलेल.

त्यांनी माइक घेतला आणि सांगितलं की सहा वर्षांची असताना लढाईत त्यांचं गाव सुटलं, ते आज सीमेपलीकडे रशियात आहे. आईने चुलीवरची लापशी तशीच ठेवून दार ओढून घेतलं होतं. त्यामुळे देश करारात गेला ते बरंच झालं, असं त्या म्हणाल्या. माझा चेहरा पडला, काका. मग त्या म्हणाल्या, शस्त्रं घ्यायचा निर्णय एक आणि आम्हाला हलवायचा निर्णय दुसरा. दोन्हींवर वेगवेगळ्या सह्या करा, म्हणजे दुसरी सही कोणाची ते मला कळेल.

त्यांचं ऐकून मला धीर आला. मी माझ्या मोडक्या भाषेत उठून विचारलं, आश्रमाला कात्री लावण्याआधी दुसरे कोणते खर्च तपासून पाहिलेत? साहेबांनी कागद चाळले आणि लेखी कळवतो म्हणाले.

तरी निवडून आलेल्या सदस्यांच्या मतदानात आम्ही हरलो. मात्र आश्रम बंद करायला हात वर करणाऱ्या प्रत्येकाचं नाव आजींनी मला लिहून घ्यायला लावलं. वळून पाहते तर मागच्या रांगेत प्रीतम, कामाच्या कपड्यांतच. येतो म्हणून सांगितलं नव्हतं. घरी जाताना दोघंही पुष्कळ बोललो, थोडं भांडलोही.

काकीला आता सगळं सांगा.

अपेक्षा

*

आचरा,
१५ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. अपेक्षास,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं काकीला वाचून दाखवली. मग पंचेचाळीस वर्षांनी तिला सांगितलं की तेव्हा माझं चुकलं होतं. मला वाटलं ती विसरली असेल. ती म्हणाली, माका म्हायत होता. आणि वर म्हणाली, आधी तो नारळ सोलून द्या.

मी दिला. 

प्रीतमला आशीर्वाद. हरलीस म्हणून पत्रं लिहायला हात आखडता घेऊ नकोस.

भाऊकाका

*

फिनलंड,
१२ एप्रिल २०२६

ती. स्व. भाऊकाका आणि सौ. काकीस,
अपेक्षा-प्रीतमचा शि. सा. न. वि. वि.

आश्रमाला कुलूप लागलं. मला घरोघर जाऊन रुग्ण बघायची नोकरी मिळाली आहे. पगार थोडा कमी, पण काम माझंच. साहेबांचं लेखी उत्तरही आलं. चार ओळींचं आहे, त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. मी पुन्हा लिहिलंय.

प्रीतमने शनिवारचा ओव्हरटाइम सोडला. मी सांगितलं नव्हतं. काल आम्ही नव्वद किलोमीटर गाडी चालवत आजींना भेटायला गेलो. त्यांनी त्याला विचारलं, तू काय बनवतोस? तो ओशाळला. मग म्हणाला, चिलखती गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या. आजींनी विचारलं, दारं नीट लागतात? तो हो म्हणाला. तर त्यांनी स्वतःच्या नव्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. दहा दिवस सांगतायत, ते लागतच नाही, दुरुस्तीला माणूस नाही.

प्रीतमने गाडीतून हत्यारं आणली. अर्धा तास गुडघ्यांवर बसून बिजागरी सारखी केली, दार चारदा उघडून मिटून पाहिलं. आजूबाजूच्या खोल्यांतली म्हातारी माणसं खुर्च्या ढकलत बघायला जमली. आजींनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि आभार मानले.

मग म्हणाल्या, आता उघडंच ठेव. ही माणसं आत येऊ देत.

तुमच्या दोघांच्या मायेतली,
अपेक्षा