एम्रिसदादाने पाडलेली नावं

ती. एम्रिसदादास,

धाकट्या बहिणीचा, नेस्टाचा, साष्टांग नमस्कार. (पुढे 'तुम्ही' म्हणणार नाही. आज तेवढा आदर शिल्लक नाही.) गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? इकडे मेंढ्या आणि मी, दोन्ही ठीक.

रग्बी क्लबाच्या वार्षिक सभेला मी आत केक कापत होते, तेवढ्यात तुम्ही सगळ्यांनी हात वर करून मला बालसुरक्षा अधिकारी करून टाकलंत. (पहिला हात तुझा होता, कळलंय मला.) नको असलेलं काम बाईच्या गळ्यात मारायची तुमची जुनी खोड. बरं, मारलंत, मग ते करू तरी द्या. मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीत मोठ्यांना मज्जाव केला, तर म्हणे नेस्टा फौजदार झाली. एकट्या मुलाला गाडीतून सोडायचं नाही म्हटलं, तर खाटीक डेव्ही सगळ्यांदेखत स्वतःच्याच पोराला घरी न्यायचा परवाना मागतो.

प्रशिक्षणाचे तीन तास गार चहावर काढले. माझ्या निम्म्या वयाच्या शिक्षिकेने विचारलं, लहानपणी तुम्हाला कोणती नावं पाडली होती? सगळे हसत सांगत सुटले. मग तिने विचारलं, आवडायची का? त्यानंतर बिस्किटांना कुणी हात लावेना. माझी पाळी आली तेव्हा मी आठवत नाही म्हणाले.

आणि तू क्लबाच्या बारमध्ये बसून सांगतोस, नावं पाडल्याशिवाय पोरं कणखर होत नाहीत. आपल्यालाही पाडली, आपण काय मेलो? अरे, तू शिकवतोस त्या संघातलं एक मूल चार शनिवार मैदानावर आलेलं नाही. (कोण ते ओळखायला जाऊ नकोस. नाव पाडायचं तू एकालाही सोडलेलं नाहीस, त्यामुळे जमणारही नाही.) मी त्याच्या घरी गेले, त्याच्या आईसमोर त्याच्याशी बोलायला बसले, दार उघडं ठेवलं, शिकवलंय तस्सं. बूट पुसून कोपऱ्यात ठेवलेले होते.

"खेळ आवडतो मला," ते म्हणालं. "नाव नाही आवडत."

घरी येऊन मी दोन बश्या फोडल्या. त्यातली एक तू दिलेली होती.

वहिनींना नमस्कार, कुत्र्याला लाड.

तुझी,
नेस्टा

ता. क. हे घरगुती पत्र नाही. प्रत रग्बी संघटनेच्या वरच्या कचेरीत गेली आहे. त्यांचा फोन येईपर्यंत मैदानावर पाय ठेवायचा नाही. तो बालसुरक्षेचा वर्ग तुलाही करायचाय. नाव मी घातलंय.

दुसरा ता. क. रविवारी जेवायला ये. कोकराची तंगडी आणलीय.

तिसरा ता. क. वर्गात मी खोटं बोलले. 'पिंप'. नऊ वर्षांची होते, आणि पाडलंस तूच. मेले नाही, खरं आहे. पण त्या उन्हाळ्यानंतर मी कधी नदीत पोहायला उतरले नाही, ते तुझ्या लक्षात आलं होतं का रे?