फर्निचरपुरती चावी

१२ जून

चिमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. लिफ्ट अजून बसलेली नाही, त्यामुळे यांचा गुडघा कुरकुरतो. टँकर आला तर पाणी, नाहीतर बादल्या घेऊन खाली. बाकी घर छान आहे. हॉलला पिवळा रंग दिलाय.

बिल्डरविरुद्धच्या तक्रारीचा निकाल तुझ्या बाजूनं लागला, वाचून आनंद झाला. म्हणजे व्हायला हवा होता. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. बुकिंग दोघींनी एकत्रच केलं. आता इमारतीला भोगवट्याचा, म्हणजे राहायच्या परवानगीचा, दाखला मिळेपर्यंत बिल्डर तुझं भाडं भरणार, तेही नळाला पाणी असलेल्या घराचं. वरचा तुझा फ्लॅट कुलूपबंद आहे, तरी माझ्या डोक्यावर तूच.

तो चाव्या घेऊन आला तेव्हा तू म्हणालीस, "आधी दाखला दाखवा." मी तुला हसले. मला तो गोड आवाजात म्हणाला, "ताई, फर्निचरपुरती तर घ्या." मी सुतार बोलावला आणि त्याच्या मागोमाग गाद्याही आणल्या. घाई कसली होती माहितीये? तुझ्याआधी राहायला यायचं होतं. लहानपणी खिडकीजवळची जागा तुला, नवी सायकल तुला. निदान घर तरी मला आधी मिळू दे, एवढंच मनात होतं. आता तो म्हणतो, ताबा दिला, विषय संपला.

तुझ्या वकीलबाई म्हणतात, दाखल्याशिवाय दिलेली चावी म्हणजे ताबा नव्हे, कायदा तुमच्याही बाजूनं आहे, दाखल्यासाठी दोघींच्या नावानं केलेल्या नव्या तक्रारीवर सही करा. कागद फ्रीजवर पडून राहिला. हे म्हणाले, "तू करत नसशील तर माझ्या गुडघ्याला तक्रारदार कर." कागदावर तुझं नाव वर आहे आणि माझं खाली, हे त्यांना कसं सांगू?

आज सकाळी नळ खरखरला. धावत जाऊन बादली लावली. नुसती हवा आली. बादली तशीच सोडून सही केली, सोबत पाठवते आहे. सुनावणीला मला तुझ्या शेजारी बसव. तिथे "मी सांगितलं होतं" म्हणू नकोस. घरी आल्यावर म्हण, हवं तेवढं.

तुझ्या खालच्या मजल्यावरची, आणि आता कागदावरही खालचीच,
ताई