पाच किलोचा बाटला

प्रिय राजसी,

चौघांना कॅम्पिंगला दोन रात्री केवढा गॅसचा बाटला पुरेल, असं तू फोनवर विचारलंस. मी घाईने सांगितलं, दोन किलोचा नवीन घे, बाबांचा पाच किलोचा गंजलाय. सल्ला अर्धवट होता आणि गंजाचं खोटं होतं.

छोट्या शेगडीला तासाला दीडशे-दोनशे ग्रॅम गॅस लागतो. तुमचा चहा, पोहे, खिचडी, वरदचं दूध धरलं तर शेगडी दिवसाला तीन तास चालेल. म्हणजे दोन दिवसांत एक ते सव्वा किलो. कागदावर दोन किलो पुरतो. पण माळावर वारा असतो, ज्योत पातेल्याखालून बाहेर पळते आणि पहाटेच्या गारठ्यात संपत आलेला गॅस जोर धरत नाही. गाडीने जाताय, पाठीवर वाहायचं नाही, तेव्हा पाच किलोचाच न्या. बाटला उभाच ठेवायचा, आणि कितीही थंडी वाजली तरी तंबूत शेगडी पेटवायची नाही.

हे ज्ञान तुझ्या बाबांचं. अंबरनाथ एमआयडीसीत बॉयलरवर आयुष्य गेलं, त्यामुळे बारवी धरणाकडे चंदरमामाच्या शेतात दोन रात्री राहायचं तरी तयारी कारखान्यासारखी. चांगुणामामी म्हणायची, "दाजी, शेतावर चूल हाय, हा कारखाना कशाला आणलात?" हे म्हणायचे, "चुलीचा धूर तुमच्या नणंदेला सोसत नाही." मला धुराचं काही नव्हतं. त्यांना स्वतः चहा करायचा असे.

शेवटचं गेलो ते तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरात. फेब्रुवारीत ते गेले. बाटला तेव्हापासून बाल्कनीत, वर गोणपाट घालून. तुझा फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी संतोषच्या किराणा दुकानात तो काट्यावर ठेवला, बाटल्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा केलं. सव्वा किलो गॅस उरला होता. तेवढ्यावर तुम्हाला पाठवणं बरं नव्हतं. बदलायला गॅस एजन्सीत नेला आणि विचारलं, हाच भरून परत मिळेल का. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, रिकामा द्या, भरलेला न्या. कुठला कोणाचा, कोण बघतो?" त्याचं बरोबर होतं. मी रिक्षा केली आणि बाटला घरी परत आणला.

मग आठ दिवस माझा सगळा स्वयंपाक त्याच बाटल्याच्या छोट्या शेगडीवर केला. त्यांनी भरून आणलेला गॅस एजन्सीला द्यायचा नव्हता. एकटीचा स्वयंपाक तो किती, पण मी मुद्दाम सावकाश केला नाही आणि उरकलाही नाही.

काल दुपारी दूध तापत असताना ज्योत बारीक झाली आणि गेली. दूध नुसतं कोमट झालं होतं. ते रोजच्या गॅसवर ठेवलं, उतू जाईपर्यंत बघत उभी राहिले, मग ओटा पुसला. आज सकाळी बाटला बदलून आणला. आताचा लालभडक आहे, रंगही कुठे उडालेला नाही. शनिवारी तुम्ही न्यायला याल तेव्हा तो बाबांचा नाही, हे तुझ्या लगेच लक्षात येईल. तू विचारशील आणि वरदसमोर, जावईबापूंसमोर मला उत्तर देता येणार नाही. म्हणून हे आधी लिहून पाठवतेय. दारात काही बोलू नकोस. सील नीट बघून घे, बाटला गाडीत ठेव आणि वर ये. जेवल्याशिवाय निघायचं नाही.

तुझीच,
आई