ताणावरची बाग

अमरावती, जून १९३३

वामनराव मास्तरांले नत्थुजीचा रामराम,

तुमी अकोल्याले ठेवून आमच्या भगवंतले मॅट्रिक केलं, म्हणून तुमालेच लिवून राहिलो. सरकारजवळ पैसा नाही, म्हणून कॉलेजातल्या जागा कमी केल्या. पोराले म्हणाले, पुढच्या साली ये. मी त्याले समजावलं, संत्र्यालेबी आपण पाणी तोडून ताण देतो, तवाच बहार येते. यंदाबी तेच उत्तर आलं.

काल बागेत पाणी सोडताना तो म्हणाला, "बा, झाडाले पाणी कवा द्याचं, हे तुमाले समजते. माह्यं कोनाले समजते?"

तुमाले इचारावं म्हणून कागद घेतला. एवढं लिवलं अन् भगवंत बाजारातून आला. सरकारनं तुमालेबी कामावरून कमी केलं म्हणते, अकोल्याचं बिऱ्हाड उठलं. नवा पत्ता त्यालेबी ठाऊक नाही.

तुमचा,
नत्थुजी