आरोपीचं नाव

१५ ऑगस्ट, गुरुवार

बैठकीला पुन्हा सहाच डोकी. त्यातला लॉन्सडेल फक्त बिस्किटांसाठी येतो. बाकी सगळा कायद्याचा वर्ग गावातल्या मोठ्या वकिली फर्मांच्या मागे लागलाय – तिथे एसी आहे, पगार आहे. सरकारी नोकरीसाठी मंडळ काढून आंब्याखाली बसणारे आम्हीच येडे. पलीकडून जाताना ओरडतात, "आले सरकारचे जावई!" सायलस एरवी उलटून काहीतरी बोलतो. आज मान खाली घालून हसत बसला. लाजला चक्क! यात लाजण्यासारखं काय होतं?

मी अध्यक्ष. म्हणजे खोलीची किल्ली आणि मंडळाचा काळा कोट माझ्याकडे. कोट एकच आहे. ज्याची मुलाखत, त्याने घालायचा आणि धुऊन परत करायचा. सायलसच्या मनगटांवर बाह्या आखूड पडतात.

आज खरी बातमी अशी – सरकारी वकिलांच्या कार्यालयातून मिसेस तारी स्वतः येणार आहेत, ऑक्टोबरात, आमचा मूट, म्हणजे सरावाचा लुटुपुटूचा खटला, बघायला. आणि एक जागा आहे! उत्तरेला, सोलाला. सायलसच्या बेटांकडे. तिथे सरकारी वकील विमानाने येतो आणि विमानाने जातो, पाऊस आला तर येतही नाही. सायलसच्या मावशीला नवऱ्याने काठीने मारलं होतं. वकील येईपर्यंत नातेवाइकांनी समजूत घालून तिला तक्रार मागे घ्यायला लावली. त्या वर्षी सायलसने शाळेतली मास्तरकी सोडली आणि इथे आमच्यासारख्या पोरांत येऊन बसला.

ही जागा त्याचीच आहे. मी अर्जसुद्धा करणार नाही. मला पोर्ट विलासारखी राजधानी सोडून कुठे जायचंय!

१८ ऑगस्ट, रविवार

चर्चनंतर सायलस जेवायला आला. आईने लापलाप केलं होतं, किसलेले कंद पानात भाजून, वर नारळाचं दूध ओतून. एरवी हा आणि माझा धाकटा भाऊ बार्नाबस एकमेकांच्या पानातलं ओढून खातात. "बार्ना, लेका, तुझी बस आहे की कोंबड्यांचं खुराडं?" हे ठरलेलं. आज दाराशी अंग चोरून बसला. आणि बार्नाला म्हणतो, "तुम्ही घ्या आधी."

तुम्ही! आमच्या बार्नाला!

पाणी हवं होतं तर मला म्हणाला, "तुझ्या भावाला जरा तांब्या सरकवायला सांग." भाऊ समोर बसलाय हातभर अंतरावर! मी खो खो हसले. बाकी कोणी हसलं नाही. बार्नाही गंभीर चेहरा करून तांब्या देतो. दोघांचं भांडण झालंय बहुतेक. विचारलं तर "काही नाही, काही नाही."

बाबा येत्या मंगळवारी न्यूझीलंडला निघणार, सफरचंदाच्या बागेत कामाला, दरवर्षीसारखे. घरात गडबड आहे. परवा वरच्या, उत्तरेच्या बेटांवरचे दोन म्हातारे यामचे मोठाले कंद घेऊन आले होते. बाबाही मूळचे तिकडचेच, गावचं कोणी ना कोणी येतंच. मला बाहेर पिटाळलं – बाजारातून पाव आण म्हणे. पाव घरात होता.

५ सप्टेंबर, गुरुवार

मुलाखतीचा सराव. मी मिसेस तारी झाले, आईचा चष्मा लावून. सायलसला विचारलं, "सरकारी नोकरीच का?" तो म्हणाला, "वकील उशिरा आला तर गुन्हा तोच राहतो, पण बाई तीच राहत नाही." मी चष्मा काढून ठेवला. 

नंतर कोट घडी घालून देताना तो उगाच रेंगाळला. म्हणाला, "नाताळाआधी तुझे बाबा आले की..." मी म्हटलं, आले की काय? "काही नाही, सफरचंदं आणतील." या माणसाचं हल्ली काय ते कळत नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मूटचा खटला मी लिहिला. डुकराची चोरी. आरोपीला नाव काय द्यावं? बार्नाने काल माझी छत्री हरवली, म्हणून त्याचंच दिलं – बार्नाबस, व्यवसाय बसचालक, शेजाऱ्याचं डुक्कर बसमध्ये घालून पसार. लिहिताना एकटीच हसत होते. मूटमध्ये सायलस सरकारी वकील; तो "आरोपी बार्नाबस" म्हणून गरजला की दोघांमधला रुसवाही जाईल, असाही बेत. पण कोणाला सांगितलं नाही. नियमाप्रमाणे खटला त्याच दिवशी सकाळी हातात देतात.

सायलसने एकच विचारलं. "आरोपपत्र वाचायला कारकून असतो ना? खऱ्या कोर्टात असतो. सोलालासुद्धा असतो, मी चौकशी केली आहे." मी म्हटलं, लॉन्सडेल कारकून. "मग झालं," म्हणाला. केवढा सुटल्यासारखा दिसला! कारकुनाचं इतकं काय?

३ ऑक्टोबर, गुरुवार

काय लिहू.

आरोपी होणारा मुलगा आलाच नाही. मग लॉन्सडेलला आरोपीच्या खुर्चीत बसवलं आणि कारकून रद्द केला. वेळही वाचेल म्हटलं. मीच ठरवलं, उभ्या उभ्या. सायलस तोवर कागद वाचत होता. कागद मिळाल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. मला वाटलं, तयारी करतोय.

बार्नाने बसमधून खुर्च्या आणल्या होत्या, तो दारात उभा.

सायलस उठला. सुरुवात इतकी छान केली की मिसेस तारींनी पेन खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "नोंदीसाठी आरोपीचं नाव सांगा."

"समोर बसलेले गृहस्थ, बाई."

"नाव."

"व्यवसायाने बसचालक. राहणार..."

"सरकारी वकील, आरोपीला नाव आहे ना? सांगा."

त्याने कागदाकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. कोटाच्या आखूड बाह्या खाली ओढत राहिला. मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "सरकारच्या जावयाची बोबडी वळली." तरी नाही. "माफ करा," म्हणाला आणि खाली बसला. बसला! वकील खटला अर्धा टाकून खाली बसतो का कधी?

बार्ना तिथून निघूनच गेला. खुर्च्या तशाच.

नंतर मिसेस तारींनी मला बाजूला घेतलं. बाई पेंटेकॉस्ट बेटावरच्या, डोळे सुईसारखे. "त्याला अडवणारं काही कारण आहे का? तुला ठाऊक असेल तर आत्ता सांग. मी थांबते." मला राग आला होता, लाज वाटत होती, माझ्या मंडळाचं हसं झालं होतं. मी म्हटलं, "कारण काही नाही. हल्ली असाच अडतो तो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तक मिटलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

समुद्राच्या कठड्यावर गाठलं त्याला. कोट धुऊन, इस्त्री करून आणला होता. मी कोट घेतला आणि सुटलेच. मी म्हटलं, ज्याला एक नाव घेता येत नाही त्याने वकील होऊच नये. मी म्हटलं, तुझ्या मावशीला काय सांगशील. हे बोलायला नको होतं.  बाजारातल्या मावश्या भाजी सोडून आमच्याकडे बघायला लागल्या.

त्याने एवढंच विचारलं, "ते नाव तूच घातलंस?"

"हो, मीच. गंमत म्हणून. आणि तुला एवढं जड का जातं रे? महिने झाले, माझ्या भावाला नावाने हाक मारत नाहीस. बसचालक आहे म्हणून? वकील होणार म्हणून तू मोठा झालास?"

"तसं नाही, हिल्डा."

"तर मग घे नाव! सगळ्यांसमोर, मोठ्याने. नाहीतर माझ्याशी बोलू नकोस."

तो पाण्याकडे वळला. मग म्हणाला, "खरंच तुला हेच हवंय? नीट विचार करून सांग."

मी म्हटलं, हेच हवंय.

"बरं," म्हणाला.

बार्नाला रात्री जेवताना सगळं सांगितलं. तो हातातला घास ठेवून उठला. "तायडे, तू काय बोलून आलीस," म्हणाला. आई म्हणाली, बाबा येईपर्यंत या घरात यावर कोणी बोलायचं नाही. कशावर? माझ्याच घरात माझ्यापासून काय लपवतात?

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

जागा मला देऊ केली आहे.

मी अर्जही केला नव्हता. मिसेस तारींचा फोन आला – खटला तू लिहिला होतास, चांगला लिहिला होतास, जागा रिकामी ठेवता येत नाही. सायलस स्वतः कार्यालयात जाऊन "मला नको, हिल्डाला द्या" म्हणून आला म्हणे.

मी हो म्हटलं. का म्हटलं? त्याच्यावर सूड म्हणून? की मलाच हवी होती? बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, लॉन्सडेलने माझ्या वाट्याची बिस्किटंही खाल्ली. टाळ्या वाजवणाऱ्यांत सायलसही होता. कोट माझ्या मापाचा निघाला. घालून आरशात पाहिलं आणि लगेच काढला.

७ नोव्हेंबर, गुरुवार

परीक्षा. तो दोन बाकं पुढे बसतो. मान वळवत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

वर्षातली शेवटची बैठक. सायलस आला नाही. बिस्किटं उरली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबा दुपारी आले. खरंच सफरचंदं आणली. बॅग उघडायच्या आत आईने त्यांना आत नेलं. मग मला बोलावलं. बाबा चटईवर बसले होते, आणि मी लहान असल्यासारखं मला जवळ बसवून घेतलं.

ऑगस्टात आलेले ते दोन म्हातारे सायलसचे मामा होते. मला मागायला आले होते.

बाबा म्हणाले, "मी तेव्हा हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मुलीची परीक्षा होऊ दे, मी परत आलो की तिलाच विचारून सांगतो म्हटलं. तोवर तुझ्या कानावर घालायचं नाही, ही आपली रीत. पण याम आपण ठेवून घेतले. बोलणं उभं राहिलं. त्या दिवसापासून तो तुझ्या भावाचं नाव घेत नाही. आपल्याकडे मेहुण्याचं नाव घेत नाहीत, हिल्डा. समोर ताठ चालत नाहीत, पानाला हात लावत नाहीत."

मला कसं माहीत असणार! मी इथे जन्मले, बाबांची बोलीसुद्धा मला येत नाही. सगळ्या घराला ठाऊक, बार्नाला ठाऊक. अख्ख्या गोष्टीत अडाणी मी एकटी, आणि अध्यक्षही मीच.

मी विचारलं, "आणि घेतलं तर?"

"घेतलं तर बोलणं मोडलं. भांडण नाही, दंड नाही. ज्या दिवशी तो ते नाव तोंडाने घेईल, त्या दिवशी समजायचं की त्याने मागणं परत घेतलं."

म्हणजे त्या दिवशी मिसेस तारींसमोर त्याच्यापुढे दोन गोष्टी होत्या, सोला आणि मी. आणि तो खाली बसला. बाईंना वास आला होता, त्यांच्याकडेही अशीच रीत असणार, म्हणून तर त्या थांबून मला विचारत होत्या. मी काय सांगितलं? असाच अडतो तो.

बाबा म्हणाले, "आता तू सांग. मी काय कळवू त्यांना?"

किती वेळ रडले कोण जाणे. मग हो म्हटलं. दोनदा म्हटलं. बाबा हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याचा फोन लागत नाही. बार्ना म्हणतो, उद्या सकाळच्या बोटीने तो घरी चाललाय, मामांना भेटायला. मी पहाटेच धक्क्यावर जाणार. आधी सांगणार, कठड्यावर बोलले ते सगळं खोटं. नाव घेऊ नकोस. कधीच घेऊ नकोस.

३० नोव्हेंबर, शनिवार

बार्नाची बस बाजाराजवळ अडकली. आम्ही धावत धक्क्यावर पोचलो तेव्हा दोर सुटले होते. तो बोटीच्या मागच्या कठड्याशी उभा होता. आम्हाला पाहिलं. मी दोन्ही हात हलवून नको, नको म्हणत होते, पण त्याला वाटलं असेल मी निरोप देते आहे. त्याने तोंडाशी हात धरले आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी हाक मारली –

"बार्नाबस!"

किती स्पष्ट. कोर्टात हवं होतं अगदी तसं.