दादाची महाधमनी आणि पेरूवरची सीडी

१२ फेब्रुवारी, अकोला
दादाची महाधमनी, हृदयातून निघणारी मोठी नळी, ५.१ सेंमी रुंद. सीटीचा रिपोर्ट स्वतः वाचला, हृदयाच्या डॉ. बाईंनी दुजोरा दिला. सप्टेंबरात दादा माझ्याकडे अमरावतीला आला होता, तेव्हा इकोत ४.६. म्हणजे पाच महिन्यांत अर्धा सेंमी.
डॉ. म्हणाल्या, साडेपाच सेंमीच्या सुमारास ऑपरेशनचा विचार होतो. वाढ खरंच इतकी झपाट्याची असेल तर त्याआधीच, नागपूरला. भिंत फाटली तर वेळ मिळत नाही.
बाहेर येऊन फॅमिली ग्रुपवर तीन ओळी टाकल्या. दादाच्या मुलीने, पल्लवीने, पुण्याहून दहा मिनिटांत तिकीट काढलं.

१३ फेब्रुवारी
दादा भडकला. "तू बातमी देऊन राह्यली का मायी मयत काढून राह्यली व?"
चहानंतर थंड झाला. "अमरावतीचं माप कोनं घेतलं? इथलं कोनं?"
मशीन दोन, माणसं दोन.
तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर होता. चिमूट ओढायची, तंतू काळ्या कापडावर ठेवायचे, लांबी सांगायची. "एकाच गाठीतला कापूस दोघाइनं ओढला तं मापं दोन येतेत. म्हनून काय कापूस वाढला?"
डॉ. 'खरंच... असेल तर' म्हणाल्या होत्या. ग्रुपवर टाकताना ते शब्द मीच गाळले. इतकी वर्षं पेपरात दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या...

१४ फेब्रुवारी
पुन्हा डॉ.कडे. दादाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. हसल्या नाहीत, पडद्यावर नळी फिरवून दाखवली. इको आणि सीटीची मापं थेट वजा करता येत नाहीत. भिंत धरून मोजलं की आतली पोकळी, कोणत्या उंचीवर, काप आडवा की तिरपा, यावर माप बदलतं. तिरप्या कापात गोल नळी लांबट दिसते.
घरी वैनी मुळा कापत होती. सगळं ऐकून मुद्दाम एक चकती तिरपी कापली, दादापुढे ठेवली. "हे घ्या, तुमची पाच पॉइंट एक."
डॉ.नी जुना सीटी असेल तर आणायला सांगितलंय. कोरोनात फुप्फुसांचा काढला होता! महाधमनी त्यातही आलेली असणार. तेव्हा तिकडे लक्ष कोणाचं होतं?

१५ फेब्रुवारी
सकाळपासून सीडीचा शोध. कपाट, पेटी, गादीखाली. पल्लवी पोचली, तीही लागली. मग वैनी हळूच, "ते चकचकीत होय? पेरूवर टांगली ना म्या. पोपटं येऊन राह्यले होते."
परसात झाडावर खरोखरच लटकत होती, सुतळीला, उन्हात गरगरत. कोरोनापासून कपाटात सांभाळली, आणि यंदाच बाहेर काढली.
दादा स्टूल घेऊन निघाला. तिघी ओरडलो, चढणं, वजन उचलणं बंद आहे. पल्लवीने काढली. "बाबा, तुमचं काळीज पोपटाइले दाखवून राह्यले होते का?"
दादा इतका हसला की वैनीने पाठीवर हात ठेवला. आजकाल त्याच्या हसण्यावरही आमचं लक्ष असतं.
सीडीवर ओरखडे. पल्लवीच्या लॅपटॉपवर उघडली नाही. सीटी सेंटरला दिली.

१७ फेब्रुवारी, अमरावती
सीडी वाचली गेली. दुजोरा: सेंटरचा टेक्निशियन, दुपारी फोनवर. काही चित्रं गेली, महाधमनीची आहेत. कडा जरा पुसट, कारण तो सीटी हृदयाच्या ठोक्याशी जुळवून काढलेला नव्हता. आकडा अजून कोणी काढलेला नाही.
ग्रुपवर सगळे विचारतायत. काहीही टाकलेलं नाही.
दादाचा फोन. दोन्ही मापं डॉ. बाईंनीच घ्यावीत, आपल्यासमोर, एवढंच म्हणणं. "आनि तू वही आन. पेन मी घेईन." मागून वैनीचा आवाज, पोपटांनी दोन पेरू फोडले.
परवा अकरा वाजता अकोल्यात डॉ. दोन्ही सीटी शेजारी लावून एकाच जागी मोजणार. वाढ वेगाची निघाली तर तिथूनच नागपूर. पल्लवीने बॅग भरून ठेवलीय. नाही तर सहा महिन्यांनी पुन्हा सीटी, त्याच मशीनवर. मी त्या दिवशी सकाळच्या बसने निघते.