दूध उतू जायला हवं होतं

आये, तुला वाचता यायचं नाही आणि मला चौथीच्या पुढचं लिहिता येत नाही, तेव्हा आपलं बरं जमेल. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, कधी लिहावंसं वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, वेळ पण नव्हता. पण आता जे झालंय ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. तुझी नात, तू गेलीस तेव्हा रांगत होती आणि तुझ्या मिश्रीच्या डबीत बोट घालायची, ती जर्मनीला शिकायला गेली. पाण्याचं शिक्षण. पाणी कसं अडवायचं, कसं मुरवायचं. मी म्हटलं, अगं, आपल्या गावात मे महिन्यात हंडाभर पाणी मिळत नाही आणि तू पाणी शिकायला विमानानं जाणार? तर म्हणे, "आई, म्हणूनच." शिष्यवृत्ती मिळाली म्हणून गावाने नाक्यावर बॅनर लावला. त्यात मधे विमान, वर सगळ्या पुढाऱ्यांची तोंडं, आणि आपली पोरगी खाली कोपऱ्यात, विमानातून पडल्यासारखी. गेली.

आठवडा झाला नाही तोच रडारड. "आई, मला नाही करमत इथे. इथे कुणी कुणाशी बोलत नाही. स्वयंपाकघर सगळ्यांत एक, पण जो तो आपलं ताट घेऊन खोलीत जातो आणि दार लावून जेवतो." दार लावून? मला वाटलं, चोरीचं खातात की काय. मग म्हणाली, "मी परतीचं तिकीट काढू का?" माझं डोकंच फिरलं. मी ज्या फार्महाऊसवर स्वयंपाकाला जाते, तिथं तेव्हा पाहुण्यांच्या भाकऱ्या थापत होते, हात पिठाचे, फोन तेलाच्या डब्याला टेकवलेला. म्हटलं, "रडू नको बाय, माझी तव्यावरची करपतेय. तिथं गेल्यावर दूध उतू घालवलंस का?" "काय?" "घालवलंस का, विचारते मी." "आई, मी हॉस्टेलात राहते. घर नाही घेतलेलं." "मग कसं करमंल? दूध उतू गेल्याबिगर जागा आपली होती का?"

हे मी कुणाकडून शिकले, तुला माहीत आहे. माझं लग्न होऊन मी खालापूरच्या बाजूला आले आणि चार दिवसांत पळून कळंबला तुझ्या दारात उभी राहिले. तू शेणी थापत होतीस. वर बघितलंस आणि एवढंच विचारलंस, "जेवलीस का गं?" मी म्हटलं, नाय. जेवायला घातलंस. मला वाटलं, सुटले. हात धुतला तोच म्हणालीस, "चल." टेंपोत बसवून कर्जतला आणलंस, तिथून एसटी, मांडीवर दुधाची किटली. माझ्या सासरी शिरतेस ती सरळ चुलीपाशी जातेस. टोप चढवतेस आणि फुंकणी माझ्या हातात देतेस. दूध वर यायला लागतं तशी माझी सासू धावत येते, "अवो विहीणबाय, दूध चाललंय!" तू तिचं मनगट धरतेस. "जाऊ द्या. पोरीचं घर हाय ना ह्ये? मंग तिच्या हातनं जाऊ दे उतू." सासू म्हणते, "आमचं घर जुनं हाय, दूध कशापायी वाया घालवता?" आणि तू म्हणतेस, "तुमचं जुनं. तिचं नवं हाय." चूल विझली, राखेचा चिखल झाला, सासू महिनाभर फुगून बसली. पण मी परत पळाले नाही.

तर पोरगी तयार झाली. व्हिडिओवर मी बघतेय, तर शेगडी म्हणजे नुसती काचेची पाटी, जाळ नाही, वात नाही. तिने टोप ठेवला. दूध काठाला आलं आणि मागून एक लांबुळका पोरगा आला, त्याने टोप फटकन उचलून बाजूला ठेवला, हसला आणि चालता झाला. "काय बोलला गं?" "म्हणाला, वाचवलं तुझं दूध." "वाचवणारा आला मोठा! त्याला सांग..." "आई, तो मदत करत होता!" दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलं. या वेळी एक चष्मेवाली आली, त्यांच्यात साफसफाईवर नजर ठेवणारी. तिने शेगडीच बंद केली आणि बोट नाचवून हिला झापलं. वर आलेलं दूध खाली बसलं. मी इकडून ओरडतेय, "मनगट धर तिचं! धर मनगट!" ही म्हणते, "आई, इथे असं कुणाचं मनगट धरत नाहीत." मग एवढं शिकून फायदा काय?

शेवटी पोरीने डोकं चालवलं. एकेकाचं दार ठोकून सगळ्यांना बाहेर काढलं आणि सांगितलं, आमच्यात नव्या जागेत दूध मुद्दाम उतू घालवतात, आणि ते गेल्याशिवाय माझी आई मला सुखाने जगू देणार नाही. सगळे शेगडीभोवती हात बांधून उभे, मयताला आल्यासारखे. चष्मेवाली फडकं घेऊन तयार. दूध वर आलं, काठावर थांबलं आणि गेलं! शेगडी टीं टीं करून आपणच बंद पडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. उरल्या दुधात हिने शेवया घातल्या आणि ती खीर सगळ्यांनी एका जागी बसून खाल्ली, दार न लावता. दुसऱ्या दिवशी चष्मेवाली हिच्या खोलीपाशी पाव आणि मीठ घेऊन उभी. त्यांच्यात म्हणे नव्या घराला तेच देतात. मी म्हटलं, "मीठ? तू हातात घेतलंस?" "हो." "अगं येडे, मीठ हातात घेत नाय कुणी, भांडणं व्हतात! खाली ठेवायला सांगायचंस!" "आई, आमचं भांडण आधीच झालं होतं ना." आता दोघी बाजारात बरोबर जातात.

तिकिटाचं नाव निघत नाही आता. फोन केला तर मागे हसणं-खिदळणं आणि ही म्हणते, "आई, नंतर करते, जेवायला बसलोय." गावात विचारतात, रमली का पोरगी? मी म्हणते, न रमायला काय झालं, मी बसलेय ना इथं सांगायला.

पण तुला म्हणून सांगते. तो लांबुळका टोप उचलून गेला तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या खऱ्या, पण माझ्या पोटात गार वाटलं. म्हटलं, नाही ना गेलं, आता येईल घरी. चष्मेवालीच्या वेळेलाही तसंच. आणि तिसऱ्यांदा दूध काठावर आलं, तेव्हा तोंडाने मी "जाऊ दे, जाऊ दे" म्हणत होते आणि बघत होते त्यांच्या हातांकडे, एवढी माणसं उभी आहेत, कुणीतरी बंद करेल म्हणून. हे पोरीला कळता कामा नये. हा कागद पोस्टातही टाकायचा नाही. तुला लिहिलं, कारण तुझ्याकडून कुठे फुटणार नाही.